तिकीटखिडकीमागचं भोक

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषयही संघानेच ठरवून दिला: परदेशातल्या गेम कंपनीला मी कसं नमवलं. ही हकिगत संघात सगळ्यांना पाठ आहे. दर कोजागरीला कुणीतरी ती नव्या सभासदाला सांगतं, आणि दर वेळी कंपनी थोडी मोठी होते आणि मी थोडा उंच होतो. गेल्या खेपेला तर मी त्यांना फोनवर इंग्रजीत झाडल्याचंही ऐकलं. मी कुणाला झाडलं नाही. मी रीतसर विनंती केली होती, ती मान्य झाली, आणि तिथेच घोटाळा झाला.

संघाने त्या पराक्रमाबद्दल मला शाल आणि नारळ दिला. मी दोन्ही गप्प बसून घेतलं. आता लेखच मागितला आहे, तर जे झालं ते सांगून टाकतो.

त्या वर्षी नात चौथीत होती. मुलगा बोटीवर नोकरीला, सुनेची बँकेने नागपूरला बदली केलेली, म्हणून वर्षभरासाठी मूल आमच्याकडे रत्नागिरीला आलं. घरात मी आणि बायको. ती शाळेतून निवृत्त झालेली, मी धरणाच्या प्रकल्पावरून. दोन रिकाम्या माणसांच्या तावडीत एक मूल सापडलं की त्याचं काय होतं, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही. ती शाळेतून येऊन चपला काढते न काढते तोच बायको विचारायची, "डबा संपवलास?" मी विचारायचो, "आज काय शिकवलं?" मग बायको, "भाजी आवडली?" मग मी, "गणिताच्या बाई आल्या होत्या?" ती न्हाणीघरात गेली तर दाराबाहेरून, "पाणी पुरेसं गरम आहे ना?" अंथरुणावर पडल्यावर, "झोप येतेय का गो?" एकदा ती पांघरुणातून म्हणाली, "येत होती."

तिच्याकडे टोपीवाले होते. पावसाळी टोप्या घातलेली प्लॅस्टिकची छोटी जनावरं, खेळण्यांच्या दुकानांत तेव्हा सगळीकडे दिसायची. प्रत्येकाला एक टोपी, एक गाडी आणि एक धंदा. अस्वल पोस्टमन, ससा गवंडी, बेडूक डॉक्टर. पाणमांजराचा धंदा कोणता ते खोक्यावर लिहायचं राहून गेलं होतं, म्हणून ते तिचं सगळ्यांत लाडकं. बाकीचे खिडकीच्या कट्ट्यावर दिवसभर राबायचे आणि पाणमांजर तिच्या उशीखाली झोपायचं.

मग त्या टोपीवाल्यांचा व्हिडिओ गेम निघाला. मुलाने तो आणि तो चालवायचं यंत्र कुठल्यातरी बंदरात घेतलं आणि सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर पाठवलं. तो मित्र घरी पोचेपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. खोक्यावरचं चित्र तिने फोनवर पाहून ठेवलं होतं. सगळ्यांच्या पुढे पाणमांजर, दोन्ही हात पसरून, आणि मागे जत्रा. पाळणे, दिवे, आकाशात आतषबाजी. तिने शाळेत सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, आणि आजीच्या भावाला सांगितलं, तर तो ते पाहायला पूर्णगडाहून मोटरसायकलवर आला.

हा माझा मेहुणा. त्याची आंब्याची कलमं आहेत, आणि गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आहे. म्हणजे देवापुढे उभं राहून सगळ्या गावाचं मागणं खणखणीत आवाजात मांडायचं आणि प्रत्येक वाक्यावर लोकांनी "होय महाराजा" म्हणायचं. त्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही.

यंत्र टीव्हीला जोडलं. पडद्यावर एक टोपी गोल गोल फिरायला लागली. बराच वेळ ती नुसती फिरत राहिली.

"हाच काय गो गेम?" मेहुण्याने विचारलं.

"हे लोडिंग आहे, मामाआजोबा."

"बरं आहे. टोपी छान आहे."

मग गाव उघडलं आणि अस्वल चालू लागलं. त्याच्या पाठीवर पोतं, पोत्यात पत्रं. एका घराशी गेलं, दार वाजवलं, दारातून शेळी बाहेर आली, पत्र घेतलं, "धन्यवाद" म्हणाली. अस्वल पुढच्या घराशी गेलं. तिथूनही शेळी बाहेर आली.

"ही तीच का?" बायकोने विचारलं.

"टोपी तीच आहे," नात म्हणाली.

तिसऱ्या घरातही तीच. बायको म्हणाली, "हिचं माहेर, सासर, आजोळ सगळं एकाच आळीत दिसतंय."

"अस्वलाला उडी मारता येत नाही का गो?" मेहुण्याचा धीर सुटत चालला होता.

"नाही येत."

"पोहता?"

"नाही."

"एवढं सातासमुद्रापलीकडून बोटीतून आणलं, आणि पत्रं वाटतं?"

नात अस्वलाला गावाच्या टोकाशी घेऊन गेली, कारण तिथे जत्रेचे दिवे दिसत होते. जत्रेच्या तोंडाशी तिकिटाची खिडकी होती आणि खिडकीत पाणमांजर बसलं होतं. तिने बटण दाबलं. पाणमांजर म्हणालं, "चला मित्रांनो, मजा करू या!" तिने परत दाबलं. ते परत तेच म्हणालं. तिकीट ते देत नव्हतं. आत जायला वाटही नव्हती. जत्रा मागच्या भिंतीवर नुसती रंगवलेली होती.

आम्ही तिघे मोठे तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

"छान आहे," ती म्हणाली. सुंठीचा काढा प्यायल्यावर जसं म्हणते तसं.

दुसऱ्या दिवशी बोटीवरून मुलाचा फोन आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं, "बाबा, मस्त आहे! जत्रा पण आहे!" फोन ठेवल्यावर तिने यंत्रावर क्रोशाचा रुमाल घातला आणि अभ्यासाला बसली. मेहुण्याने जाताना दारातून मला, त्याच्या मते हळू आवाजात, सांगितलं, "भावोजी, पोरीला फसवली हो!" ते आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार.

आठवडाभराने मीच म्हटलं, दोघांनी खेळू या. दोघांनी खेळलं तर दुसऱ्याला पाणमांजर मिळतं असं पुस्तिकेत लिहिलं होतं. पाणमांजर मी झालो. तिला होता आलं नाही, कारण पहिला रिमोट अस्वलाचाच होता आणि दुसरा रिमोट पहिला होऊ शकत नाही, हे आम्ही पुष्कळ प्रयत्नांनी शोधून काढलं. पाणमांजराला कामही नव्हतं. अस्वल पत्रं वाटायचं आणि मी त्याच्यामागून चालायचो. निवृत्तीनंतर बायकोबरोबर मंडईत जातो, तसंच. तिकीटखिडकीशी गेलो तर खिडकीत एक पाणमांजर बसलेलं आणि खिडकीबाहेर मी दुसरं उभा. "चला मित्रांनो, मजा करू या!" आतलं मला म्हणालं. मला शरमल्यासारखं झालं. त्याची नजर चुकवायला मी खिडकीला वळसा घालून मागे गेलो, आणि पडलो.

"आजोबा, तुम्ही पडलात!"

"मी कुठे पडलो? इथे जमीनच नव्हती."

खरंच नव्हती. हिरवळ दिसत होती, पण तिकीटखिडकीच्या मागच्या कोपऱ्यात तिच्यावर पाय ठरत नव्हता. पाणमांजर निळ्या निळ्या पोकळीत खाली चाललं होतं. आदळत नव्हतं, मरत नव्हतं, नुसतं पडत होतं, टोपी सरळ, चेहरा हसरा. नातीने क्षणभर पाहिलं आणि अस्वलाला घेऊन माझ्यामागे उडी घेतली. म्हणजे चालत आली. उडी त्याला येत नव्हती.

पडता पडता वर पाहिलं तर सगळं गाव खालून दिसत होतं. शेळीचे खूर दिसत होते. प्रत्येक घरात ती दाराआड उभी होती, अंधारात, पत्राची वाट बघत. आणि मी जन्म बांधकामावर काढलेला, म्हणून मला आधी जे दिसलं ते हे की गावातल्या एकाही घराला पाया नव्हता. पोस्टाला नव्हता, शाळेला नव्हता. सूर्यसुद्धा खालून चपटा होता.

"पोस्टाला पाया नाही," मी म्हटलं.

त्यावर ती इतकी हसली की तिचा रिमोट खाली पडला. ती आमच्याकडे आल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग आम्ही हसायचे थांबलो तरी पडतच होतो. आवाज नव्हता. संगीत वरच राहिलं होतं. ती माझ्या खांद्याला टेकून बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "इथे कुणी काही विचारत नाही."

हे वाक्य मी नीट ऐकलं. ते मला नंतर सोयीचं नव्हतं म्हणून विसरलो, एवढंच.

त्यानंतर ती शाळेतून आली की दूध पिऊन थेट पडायला जायची. कधी एकटी, कधी मला घेऊन. पडताना ती पाय हलवत बसायची आणि मधूनच, कुणी न विचारता, काहीतरी सांगायची. बाईंनी कुणाला उठाबशा काढायला लावल्या. आई नागपूरला रडते पण फोनवर सर्दी झाली म्हणून सांगते. बाबा कसे दिसतात ते कधी कधी चटकन आठवत नाही, मग ती आधी मिशा आठवते. मी फक्त रिमोटवरची पाणमांजर चालवायची काठी धरून बसायचो. पडायला काठी लागत नाही, पण हातात काहीतरी असलेलं बरं.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं.

पण माझी सगळी नोकरी गळती शोधण्यात गेली. अलोऱ्याला प्रकल्पाच्या कॉलनीत राहायचो, जीपने धरणाच्या बोगद्यात जायचो, अस्तराला कुठे ओल आली आहे ते विजेरीने बघायचो, खडूने गोल काढायचो आणि वर कळवायचो. भोक दिसलं की गोल काढायचा आणि कळवायचं. हे इतकं अंगात मुरलं होतं की लग्नाच्या पंगतीत वरणाचं भांडं ठिबकताना दिसलं तरी माझा हात खिशात खडू शोधायचा. त्या भोकातून मी रोज पडत होतो आणि रोज मला टोचत होतं. मुलगा समुद्रावर राबून पैसे पाठवतो आणि हे लोक गावाची जमीन अर्धवट टाकून मोकळे होतात! दुसऱ्या कुणाचं मूल पडलं म्हणजे?

"पडलं तर पडू दे की," बायको म्हणाली. "खोटं खोटं तर आहे."

"काम खोटं असलं तरी ते नीट करायला नको?"

मी पाहणी केली. नात शाळेत गेली की पाणमांजराला घेऊन त्या कोपऱ्यात जायचं आणि एक एक पाऊल टाकून भोकाची हद्द शोधायची. टीव्हीवर खडू उमटेना, म्हणून बायकोच्या टिकल्या लावल्या. पाऊल ठरतं तिथे लाल, ठरत नाही तिथे काळी. बायको आरशासमोर टिकली शोधत होती आणि ती टीव्हीवर सापडली. तिने काळ्यांतली एक काढून कपाळाला लावली आणि भिशीला गेली.

टिकल्यांसकट टीव्हीचा फोटो काढला आणि कंपनीला ईमेल केली. विषय: तिकीटखिडकीच्या मागील बाजूस जमिनीस पडलेल्या भोकाबाबत. खाली स्थळ, स्वरूप, संभाव्य धोका, आणि सदर भोक तातडीने बुजवण्याची विनंती. सगळं इंग्रजीत, पण ओव्हरसियरच्या इंग्रजीत.

उत्तर आलं. खाली सही पाणमांजराची होती. कंपनीत तशी पद्धत असावी. लिहिलं होतं की तुमच्यासारखा मित्र मिळाल्याने मला खूप आनंद झाला, आमचं गाव तुम्हाला आवडल्याचं वाचून मी टोपी उडवली, तुमचा दिवस छपछपीत जावो. मी स्वतः रोज दुपारी पाणमांजर असताना मला पाणमांजराचं पत्र आलं होतं आणि त्यात भोकाचा उल्लेख नव्हता. मी पहिलं स्मरणपत्र पाठवलं. पाणमांजराने यंत्र बंद करून चालू करायला सांगितलं. मी बंद करून चालू केलं, पडून पाहिलं, आणि दुसरं स्मरणपत्र पाठवलं. त्यात "आपण स्वतः खिडकीत बसता, आपल्या पाठीमागेच हा प्रकार आहे" असंही एक वाक्य घातलं. ते मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं.

दुसऱ्या स्मरणपत्राला उत्तरच आलं नाही. तेवढ्यात मेहुणा आमच्याकडे आला होता. त्याला मी सगळं दाखवलं.

"कागदाने होणार नाही हे, भावोजी," तो म्हणाला. "जागेचा राखणदार असतो. ह्यांनी गाव वसवलं, त्याला विचारलं का? नारळ दिला का?"

"अरे, ते जपानात की कुठे बसून बनवलंय."

"म्हणून काय झालं? तिथे जागा नसते?"

मी नको म्हणायला हवं होतं. पण दोन स्मरणपत्रांनंतर माणूस मऊ होतो. मेहुण्याने पिशवीतला नारळ काढून टीव्हीपुढे ठेवला, शेंडी देवाकडे, म्हणजे पडद्याकडे. नातीला बोलावलं. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पडद्यावर तिकीटखिडकी, खिडकीत पाणमांजर. मेहुण्याने हात जोडले आणि देवळातला आवाज काढला.

"बा महाराजा! हा टोपीवाल्यांचा गाव तुझा, तूच ह्याचा मालक! आज लेकराबाळांनी नारळ ठेवलाय, तो गोड मानून घे महाराजा!"

"होय महाराजा!" मी आणि बायको म्हणालो. अशा वेळी तोंडातून आपोआप येतं.

"ह्या अस्वलाच्या पोतडीला बरकत दे, त्या शेळीला एक घर नक्की करून दे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि ह्या खिडकीमागे जी भुई फाटलीय, ती सांधून दे, मुलं पडतात ती पडायची थांबव महाराजा!"

"होय महाराजा!"

त्या "होय"च्या खालून एक बारीक आवाज आला. "नको महाराजा."

आम्ही तिघे वळलो. नात हात जोडून, डोळे मिटून उभी होती.

मेहुणा खो खो हसला. "मेली! देवाकडे पण उलट!" बायकोही हसली. मीही हसलो. हसताना मला कळलं होतं की ती चेष्टा करत नाहीये. बोगद्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला भिंतीतून पाणी कुठून येतंय ते आवाजावरून कळतं. मला कळलं, आणि मी नारळ फोडला.

पुढच्याच आठवड्यात पडद्यावर पाटी आली: अपडेट. टोपी बराच वेळ फिरली. नात शाळेतून यायची होती. मी घाईघाईने पाणमांजराला खिडकीमागे नेलं. भोक बुजलं होतं. इतकंच नव्हे, त्या जागेवर एक कुंडी ठेवली होती. मातीची, तिच्यात पिवळं फूल. वा! बुजवून वर कुंडी! मी आयुष्यात इतक्या गळत्या कळवल्या, पण काम झाल्यावर फूल लावलेलं हे पहिलंच. मी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "नारळाला लागली की नाही दाद?" मी म्हटलं, स्मरणपत्राला लागली. हा वाद अजून मिटलेला नाही. ज्या गोष्टीची लाज वाटावी, तिच्या श्रेयासाठी आम्ही दोन म्हातारे भांडतो आहोत.

नात आली. दूध प्यायली. अस्वलाला घेऊन खिडकीमागे गेली. अस्वल कुंडीला धडकलं. तिने त्याला मागे घेतलं, परत नेलं. धडक. बाजूने नेलं. धडक. अस्वल कुंडीशी चालत राहिलं, पाय हलत होते पण पुढे जात नव्हतं.

"तुम्ही बुजवलंत?"

"हो! मी कळवलं त्यांना. आता कुणी पडायचं नाही. भीती नको."

"मला भीती वाटतच नव्हती," ती म्हणाली.

तिने रिमोट जपून खाली ठेवला. मागच्या दारी गेली. मी थोड्या वेळाने जाऊन पाहिलं तर धुण्याच्या दगडावर बसून रडत होती, आवाज न करता, पाणमांजर मुठीत. मी काय करावं? मी विचारलं, "काय झालं? पोटात दुखतंय? शाळेत कुणी बोललं?" एकामागून एक. तिने प्रत्येकाला मान हलवली. मग बायको आली आणि तिनेही तेच प्रश्न क्रमाने विचारले.

त्या दिवशी मुलाचा फोन आला तेव्हा मी सांगितलं की गेम दुरुस्त करून घेतला, आणि पोर आनंदाने रडली. हेच वाक्य पुढे संघात गेलं. "नातीच्या डोळ्यांत आनंदाश्रू" असं अध्यक्ष सत्काराच्या वेळी म्हणाले. नात पहिल्या रांगेत बसली होती. तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांद्यावरची शाल सारखी केली. ती म्हणाली, "आजोबांनी खूप मेहनत घेतली." टाळ्या झाल्या. एवढं मोठं खोटं इतक्या खऱ्या शब्दांत मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

त्यानंतर ती माझ्याबरोबर खेळली नाही. भांडली नाही, रुसली नाही. मी विचारलं की सांगायची, विचारलं तेवढंच. वर्ष संपलं, सुनेची बदली परत मुंबईला झाली, आणि मूल गेलं. यंत्र आमच्याकडेच राहिलं, क्रोशाच्या रुमालाखाली.

आता ती इंजिनियरिंगला आहे. परवा सुट्टीला आली होती. स्मरणिकेचं पत्र टेबलावर होतं. तिने वाचलं, आणि हसू दाबत म्हणाली, "लिहा की आजोबा. शूरवीर."

मी म्हटलं, "बस जरा." आणि सगळं सांगितलं. तिला ते माहीतच होतं, पण मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं. टिकल्या, पाणमांजराची पत्रं, "नको महाराजा." मी म्हटलं, "तुझी ती एकच जागा होती आणि मी ती सरकारी पद्धतीने बुजवली."

ती म्हणाली, "आजोबा, ते बुजलेलं नाहीये."

"कुंडी आहे तिथे."

"कुंडी अपडेटमध्ये आहे. डिस्कमध्ये नाही. अपडेट काढून टाकायचं, इंटरनेट बंद करायचं आणि डिस्कवरून परत घालायचं. जुनं गाव येतं. भोकासकट."

"हे तुला आता कळलं?"

"तेव्हाच. कुंडी लागल्यावर पंधरवड्यात. शाळेतल्या एका मुलीच्या दादाने सांगितलं."

म्हणजे आम्ही शेजारच्या खोलीत प्रश्न तयार करत बसलेलो असताना ती टीव्हीचा आवाज बंद करून पडत होती. सत्काराच्या वेळीसुद्धा तिचं भोक उघडंच होतं. इतक्या वर्षांचं माझं ओझं एका मिनिटात हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. उलट दुसऱ्याच जागी दुखलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तिसरं स्मरणपत्र पाठवलं असतंत."

मी नाही म्हणणार होतो. पण खरं सांगायचं म्हणून बसलो होतो, तेव्हा म्हटलं, "पाठवलं असतं."

"मग?"

रुमालाखालच्या यंत्राकडे मी पाहिलं. मला विचारायचं होतं ते विचारायला धीर होईना. जन्मभर प्रश्न विचारले, त्यांतला खरा हा पहिलाच.

"मला नेशील?"

ती उठली, रुमाल काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि मोडेमची वायर काढली. "टिकल्या लावायच्या नाहीत," ती म्हणाली. "कुठेही कळवायचं नाही. आणि खाली गेल्यावर काही विचारायचं नाही."

"बरं."

"मामाआजोबांना तर अजिबात नाही."

टोपी फिरली. गाव उघडलं. शेळीने पत्र घेतलं आणि धन्यवाद म्हणाली. खिडकीतलं पाणमांजर म्हणालं, "चला मित्रांनो, मजा करू या!" ह्या वेळी मी त्याची नजर चुकवली नाही. खिडकीला वळसा घातला. हिरवळ होती, कुंडी नव्हती.

"तुम्ही आधी," ती म्हणाली. "तुम्हीच शोधलं होतंत."

मी पडलो. मागून अस्वल आलं. संगीत वर राहिलं. पोस्टाला अजून पाया नव्हता. ती माझ्या खांद्याला टेकली नाही, आता तिचा खांदा माझ्याहून उंच आहे, पण सरकून शेजारी बसली. मला विचारावंसं वाटलं की कॉलेजात जमतंय ना, जेवण कसं आहे, बाबाचा फोन आला होता का. तीनही प्रश्न मी गिळले. बऱ्याच वेळाने ती आपणहून म्हणाली, "मला ती शाखा आवडत नाहीये, आजोबा." मी काठी धरून बसलो.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पानं घेऊ का?" आम्ही पडतच होतो. ती दारात आली. "अहो, काय चाललंय? जेवायला किती वेळ आहे? भात गरम करू की तसाच वाढू?"

नातीने ओठांवर बोट ठेवलं.

बायकोने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पदराला हात पुसले.

"सरका थोडं," ती म्हणाली.